नाथाजीचा चाप

हरणाबाईने चापाच्या आट्यांतली जुनी ग्रीस काडीने उकरून काढली आणि तो कांबळ्यावर इतर हत्यारांशेजारी ठेवला. खंडेनवमी होती. घरातले झाडून सारे लोखंड आज दारात मांडून पुजायचे, मग एखाद्याचे नाव ठाऊक असो वा नसो.

हत्यारे चुलतसासऱ्यांची. नाथाजी फिटर श्रावणात गेले आणि त्यांची पेटी मानसिंगकडे आली. लढाई संपली तसा तिचा नवरा फौजेच्या वर्कशॉपातून सुटून कडेगावला परतला होता.

"ह्यो पुलर. चाक ओढून काढायचा," कुंकू लावत तो सांगत होता. "आन् ह्यो पायपाचा चाप."

"पाइप गोल असतोय. ह्येच्या खाचा लांबट हाईत," हरणाबाई म्हणाली. "त्याबी दोन, शेजारी शेजारी. आन् आतनं चामडं कशाला?"

"फौजेत तुलाच न्यायला पायजे हुतं. साहेब पळाला असता."

ती हसली. पण झेंडूचे फूल वाहताना तिने चापाला बोट लागू दिले नाही.

दुपारी भाऊसो आले. कराड रस्त्यावरची त्यांची शेड मानसिंगला उद्या मिळायची होती. ती मिळाली नाही तर इंजिन दुरुस्तीचे दुकान नाही, आणि मानसिंगला पुन्हा भरती होण्यावाचून गत्यंतर नाही. भाऊसोंची पोलीस ठाण्यात ऊठबस होती. तीन वर्षांपूर्वी भूमिगतांपैकी कुणीतरी खबऱ्या म्हणून त्यांना उसाच्या फडात नेऊन तळवे फोडले, तेव्हापासून ते तळव्यांच्या कडांवर चालत.

हत्यारांवरून नजर फिरवता फिरवता ते थांबले. काठी बाजूला ठेवून जमिनीवरच बसले आणि चापाच्या खाचेतून त्यांनी अंगठा फिरवला.

"चामडं मागनं लावलं व्हय," ते म्हणाले. "माझ्या वेळंला नुसतं लोखंड हुतं."

मानसिंग चटकन पुढे झाला. हरणाबाईची नजर खाचेवरून भाऊसोंच्या पायांकडे गेली. खाच घोट्याच्या मापाची होती.

"आवं भाऊसो, चुलता फिटर हुता. कुणी सांगितलं ते करून दिलं असंल. आमाला खरंच..."

"म्हाईत हाय. ठावं असतं तर कुंकू लावून दारात मांडलं असतंस व्हय रं?" भाऊसोंनी बंडीतून किल्ली काढून कांबळ्यावर ठेवली. "शेड तुझी. फकस्त ह्यो चाप तिथं दारावर टांगायचा."

"दारावर? कशापायी?"

"माझ्या डोक्यावर पोतं हुतं, गड्या. नाथाजीचा आवाज त्यात न्हवता. बाकीचे कोण हुते, मला कसं कळावं? ज्याला ह्यो काय हाय ते ठावं न्हाई, त्यो बघून फुडं जाईल." ते काठीवर जोर देऊन उठले. "उद्या मी तिथंच खुर्ची टाकून बसतो."

ते गेल्यावर हरणाबाई म्हणाली, "नगा टांगू, आवं."

"मग काय, परत भरती हू?"

मानसिंग पेटीत खिळा शोधू लागला.

दसऱ्याच्या संध्याकाळी माणसे सोने वाटत शेडपर्यंत आली. भाऊसो खुर्चीत होते. मांडीवर आपट्याच्या पानांचा ढीग साचत होता आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे ते प्रेमाने बघत होते.

"मानसिंगा, बैलाला चष्मा केलास व्हय रं?" केरबाने चापाला टिचकी मारून विचारले. सगळे हसले. भाऊसोही हसले.

हरणाबाईलाही जरा हलके वाटले. तेवढ्यात रस्त्यावरून ओळखीची हाक आली. मलकापूरहून तिचा थोरला भाऊ सिद्धू आला होता.

"काय गं हरणे, दुकानवाली झालीस म्हणं! आता गरिबाला वळख तरी..."

दारातच त्याची नजर वर गेली. वाक्य तिथेच राहिले. पाने धरलेला हात पुढे आलेला होता, तसाच राहिला.

केरबाच्या बोलण्यावर माणसे अजून हसत होती. हरणाबाई पुढे झाली आणि भावाच्या अगदी समोर, पाठीने भाऊसोंची नजर अडेल अशी उभी राहिली.

"हस की, दादा," ती हलकेच म्हणाली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.