मीठ मुरलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, पाखरांच्या घरट्याची. आधीच सांगून ठेवते, मी फार खुनशी आहे. माझ्या फळ्या मिठागरातल्या. खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराला त्या तीस वर्षं होत्या. अंगात असं मीठ मुरलं की काही म्हणता काही विसरायला होत नाही.

मिठागर बंद पडलं तेव्हा बाळकुम गावच्या काळुरामने त्या फळ्या घरी आणल्या आणि आपल्या नातीसाठी, कृतिकासाठी, मला ठोकून बनवलं. कारागिरी झकास! पण दोन घोळ केले. पाहुण्याला पायरी हवी म्हणून भोकाखाली दांडी ठोकली. आणि मला टांगलं परसातल्या त्याच खांबावर, जिथे त्याची बायको बायजा बोंबील वाळत घालायची. बोंबलांमागे उंदीर आले, उंदरांमागे धामण आली. तेव्हा हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

पहिल्याच वर्षी दयाळ पक्ष्याचं जोडपं राहायला आलं. चारी बाजूंना टॉवर, आणि माझ्या पोटात चार पिल्लं! मी नुसती फुगून गेले होते. मग एका सकाळी धामण खांबावरून सरसर वर आली, दांडीला विळखा घालून आत शिरली आणि माझ्याच पोटात माझी चारही पिल्लं गिळून निघून गेली. मला ना हात, ना दात. मी नुसती करकरले. हिला तडफडताना बघीन तेव्हाच गप्प बसेन, असं मी त्या दिवशी ठरवलं.

काळुरामही पेटला होता. मादीने पुन्हा अंडी घातली तेव्हा त्याने मासे धरायचं जुनं जाळं खांबाला गुंडाळलं, थेट माझ्या भोकापर्यंत. अंड्यांतून पिल्लं निघाली आणि आठवड्याभरात धामण आली. अडकली! जितकी वळवळे तितकी जास्त गुंते. काय सांगू, इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. ‘मर सटवे, मर!’ मी मनात म्हणत होते.

तेवढ्यात पिल्लांची आई चारा घेऊन दांडीवर उतरली आणि तिचा पाय त्याच जाळ्यात अडकला. धामणीपासून वीतभर अंतरावर ती उलटी लोंबकळू लागली. आत पिल्लं भुकेने ओरडत होती. आता आई मेली तर पिल्लंही मरणार होती, आणि या वेळी धामणीने काहीच केलेलं नव्हतं.

बायजा कात्री घेऊन धावली. तिने पाखराचा पाय सोडवला, त्याला मुठीत धरलं आणि कात्री धामणीकडे वळवली.

“बायजे, तिला सोरू नको! तिनी पिल्लां खाल्लीत आपली!” काळुराम ओरडला.

बायजाने मूठ त्याच्यापुढे धरली. “हिचे चोचीन काय हाय ते बघा. पालीचा पिल्लू. मंग हिला पन मारू?”

पालीलाही पोरं असतात, हे माझ्या फळकुटात कधी आलंच नव्हतं. बायजाने पाखरू उडवलं, मग धामणीच्या तोंडावर गोणपाट टाकून एकेक धागा कापला.

काळुरामने जाळं फाडून काढलं, दांडी उपटली, बोंबील गच्चीवर नेले. खांबाला पत्रा बसवला, उलट्या नरसाळ्यासारखा. त्यावरून धामण घसरते. त्या वर्षी तीन पिल्लं उडाली. चौथं उडता उडता शिक्र्याने, त्या शिकारी पक्ष्याने, उचललं. कृतिका खूप रडली, पण जाळं कुणी मागितलं नाही.

मित्रांनो, पेटी टांगा तर तिची नीट राखण करा. तरीही एखादं पिल्लू गेलंच तर रडा, शिव्या घाला, मीही घालते. पण जाळं लावू नका, काठी उचलू नका. धामण अजून रोज दुपारी खालून जाते. तिला मी माफ केलेलं नाही. पण एकाच कात्रीने दोघी सुटल्या, हेही मी विसरलेले नाही. मीठ मुरलंय ना अंगात.