खोट्या माशाला हात लावू नये

श्रीरंग साटम विमा कचेरीतून निवृत्त झाले, पण त्यांचे हात काही निवृत्त झाले नाहीत. मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये त्या हातांनी आधी नळ दुरुस्त केले, मग दुरुस्त नळ पुन्हा दुरुस्त केले. शेवटी लतिकाबाईंनीच नवऱ्यापुढे पांगाऱ्याचा हलका ओंडका आणून ठेवला. "याचं काय वाटेल ते करा. हा गळत नाही."

त्यातून खोटे मासे झाले. गळाला लावून पाण्यात ओढायचे, म्हणजे खरा मासा फसतो. कोरीवकाम उत्तम, रंग झकास, डोळ्यांच्या जागी लतिकाबाईंच्या टिकल्या. घोडं अडायचं शेवटच्या इपॉक्सीपाशी. दोन बाटल्यांतला द्राव एकत्र ढवळायचा, माशावर काचेसारखा पसरवायचा, आणि तो घट्ट होईपर्यंत मासा सतत फिरता ठेवायचा. पण हात लावायचा नाही. साटमांना नेमकं हेच जमत नसे. सुकलंय का, हे बघायला ते अंगठा लावत, आणि सुकलं नव्हतं हे त्यांना तेव्हा कळे. प्रत्येक माशाच्या पोटावर साटमांचा ठसा होता.

"चोरी मात्र करू नका," लतिकाबाई म्हणाल्या. "पोलिसांना फार सोपं जाईल."

अडचण पोलिसांची नव्हती, जयरामची होती. खाडीकाठी त्याचं शेत. बांधाला उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आतबाहेर सोडायचं दार; त्याच्या तोंडाशी उधाणाला जिताडा येतो. तिथे एकदा तरी गळ टाकायचा, एवढीच साटमांची इच्छा. पण जयराम तिथे कुणाला उभं करत नसे. मागचा बुडबुडे आलेला मासा त्याने बोटांत धरून उलटसुलट पाहिला होता.

"श्रीरंगभाऊ, याला देवी आल्यात काय? असला मासा माज्या बांधावरून पान्यात टाकलात तर गाव मला हसंल. शनवारी उधान हाय. शुक्रवारी सांजचा येऊन बघतो. गुळगुळीत असला तर चला. नायतर या साली इचारू नका."

शुक्रवारी सकाळी साटमांनी माळ्यावरून गणपतीमागचं चक्र फिरवायची मोटर काढली.

"देवाची आहे ती," लतिकाबाई म्हणाल्या.

"विसर्जन झालंय. आता ती रिकामीच आहे."

"तुमच्यासारखी."

मोटरला तारेने मासा बांधला, इपॉक्सी लावलं, बुडबुड्यांवर हलकी फुंकर मारली. मासा संथ फिरू लागला. साटम खुर्चीवर बसले, उठले, बसले. अंगठा खाजवू लागला. ते गॅलरीत जाऊन आले. अंगठा सोबत गेला आणि सोबत परत आला.

तेवढ्यात वीज गेली. मासा थांबला, आणि पोटाखाली एक थेंब जमू लागला.

साटमांनी मोटरीवरून तार सोडवली आणि तिची टोकं दोन्ही हातांत धरून ते मासा स्वतःच फिरवू लागले. फिरवत ते स्वयंपाकघरात गेले, तिथून हॉलमध्ये आले, पुन्हा गेले. नाक खाजलं.

"लतिका, नाक."

"कुठली बाजू?"

दुपारी लतिकाबाईंनी वरणभात भरवला. लग्नातल्या घासानंतर हा पहिलाच. वीज आली तरी साटमांनी मासा मोटरीला दिला नाही. दोन्ही हातांना काम होतं आणि त्यातला एकही माशाला लागत नव्हता. अशी दुपार त्यांना आजवर मिळाली नव्हती.

संध्याकाळी जयराम आला तेव्हा मासा खिडकीत टांगलेला होता. अंगावर ट्यूबलाइट सरळ रेघेत दिसत होती. साटम एका हाताने दुसरा हात पाठीमागे धरून उभे होते.

जयरामने या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. "कोनी केला?"

"मीच."

"खोटं." आणि खात्री करायला त्याने माशाच्या पोटावर अंगठा दाबला.

अंगठा जरासा चिकटला आणि बारीक आवाज करून सुटला. लतिकाबाई चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं.

"हा तुमचा नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हा रुंद आहे."

जयरामने अंगठा पँटला पुसला. चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. "उद्या पाटं या," तो शेवटी म्हणाला. "आनि बांधावर कोनी इचारलं तर सांगा, या जातीचा मासा असाच असतो."

तो जिना उतरेपर्यंत साटम हात मागे धरून उभे राहिले. मग ठसा कितपत खोल गेलाय ते बघायला त्यांनी हळूच अंगठा पुढे केला.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला.