बाईचे डोळे

डोळ्यावरची पट्टी निघाली, डॉक्टरांनी समोर बोटं धरली, सासूबाईंनी ती बरोबर मोजली, वर डॉक्टरांच्या शर्टाचं एक बटण तुटलंय तेही सांगून टाकलं, आणि सून धास्तावली. आनंद झाला नाही असं नाही. चांगला भरपूर झाला. पण त्याच्या मागोमाग धास्तीही आलीच, कारण घरी परतताना टॅक्सीत सासूबाई काळा चष्मा सावरत म्हणाल्या, "आता बाईची मालिका पहिल्या भागापासून बघणार. तुझ्या तोंडून ऐकली, आता माझ्या डोळ्यांनी."

"थोडे दिवस जाऊ द्या," सून म्हणाली. "डोळ्याला ताण नको."

"डॉक्टर म्हणाले ना, टीव्ही चालेल म्हणून? तू शेजारीच तर होतीस."

होती. तिथेच तर सगळी पंचाईत होती.

बाई म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. सासूबाई तरुणपणी एका कचेरीत टायपिस्ट होत्या. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली की मैत्रिणींबरोबर हिंदी सिनेमा गाठायच्या. बाकीच्या नायकासाठी जायच्या, या जायच्या त्या एका नटीसाठी. नायिका ती क्वचितच असायची. नायकाची बहीण, नायकाची वहिनी, आणि पस्तिशी गाठायच्या आत थेट नायकाची आई. तिच्याहून वयानं थोराड असलेला गडी 'माँ' म्हणत तिच्या पायाशी कोसळायचा आणि ही केसांना पांढरं फासून रडायची. "रडायला काय लागतं, कांदा चिरला तरी रडता येतं," सासूबाई म्हणायच्या. "तिच्या डोळ्यांत बघा. काहीतरी दाबून ठेवलंय त्या बाईनं. एक दिवस कोणीतरी तिला धड काम देईल, मग कळेल तुम्हाला." हे त्या लग्नाआधी म्हणायच्या, लग्नानंतर म्हणायच्या, मुलाचं लग्न झालं तरी म्हणतच होत्या. मैत्रिणी हसायच्या. ते धड काम काही आलं नाही आणि एक दिवस बाई पडद्यावरून गेलीच.

परत आली ती नेमकी सासूबाईंना दिसेनासं झाल्यावर. नशिबानं तरी किती वाकड्यात शिरावं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, त्यात साखर चढलेली. "आधी साखर आटोक्यात आणा, मग ऑपरेशनचं बघू," असं डॉक्टर दर खेपेला सांगायचे. तोवर उजेड कुठे आहे आणि समोर माणूस आहे की खुर्ची, एवढंच काय ते कळायचं. गॅसपाशी एकदा हात भाजून घेतला, तेव्हा सून नोकरी सोडून घरी बसली. ती पडदे शिवणाऱ्या एका कारखान्यात होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, चुण्या किती, अस्तर कसलं ते ठरवायचं आणि येऊन कापड बेतायचं. बिनचूक हात होता. नोकरी सोड असं तिला कोणी म्हणालं नाही. सोडू नकोस असंही कोणी म्हणालं नाही.

आणि मग ही मालिका सुरू झाली. मोठं घर, भरलं कुटुंब आणि घराची मुख्य म्हणून हीच बाई. बोललेलं सासूबाईंना ऐकू यायचं, मधल्या मुक्या जागा सुनेनं भरायच्या. सुरुवातीला तिनं त्या इमानेइतबारे भरल्या. मग तो प्रसंग आला. मालिकेतली सून नोकरीला निघते, बाई तिला गोड आवाजात सांगते की तू कामाला जा, घर मी सांभाळते. पोरगी आपली पर्स शोधायला आत वळते आणि बाई तिच्या स्कूटरची किल्ली उचलून दाराजवळच्या कुंडीत, मातीत खुपसते. तोंडावरचं हसू तसंच, आणि डोळे इतके थंड की सोफ्यावर बसलेल्या आपल्या सुनेनं पाय वर घेतले.

"गप्प का झाली ती? काय करतेय?" सासूबाईंनी विचारलं.

"सुनेकडे बघतेय," सुनेच्या तोंडून निघून गेलं. "डोळे भरून आलेत. कौतुकानं बघतेय."

का म्हणाली? तिलाही धड सांगता आलं नसतं. दिवसभर घरात बसून जीव आंबून गेला होता. कुठल्या तरी सासूनं कुठल्या तरी सुनेकडे तसं बघावं असं वाटलं, एवढंच.

पण एकदा एक सांगितलं की पुढचं सगळं त्याला धरून सांगावं लागतं. बाईनं गजर बंद केला की सून म्हणायची, घड्याळ पुसतेय. बाईनं पत्र फाडलं की म्हणायची, जुना कचरा आवरतेय. मालिकेतल्या घरात बाईचा कोणालाच संशय नव्हता, तिचे उद्योग फक्त बघणाऱ्याला दिसायचे. म्हणजे तिला देवमाणूस समजणारे दोघंच, ते बावळट कुटुंब आणि सासूबाई.

"मग हे संगीत असलं भुताटकीचं का वाजतंय?"

"हल्ली सगळीकडे तसलंच वाजवतात."

सासूबाईंनी तेही मानलं. आणि एकदा, सून पडद्यावर नजर लावून पुढचं सांगत असताना, त्या मध्येच अगदी बाईच्या सुरात म्हणाल्या, "तू कामाला जा परत. घर मी सांभाळते." सून ताडकन उठली ती सरळ स्वयंपाकघरात, कारखान्याच्या मालकीणबाईंना फोन लावायला. ऑपरेशन झालं की येते, असं ठरलं. आता ऑपरेशन झालं होतं, सोमवारी कामावर जायचं होतं, आणि सासूबाईंना बाईचे डोळे बघायचे होते. ते डोळे दिसले की काय होणार होतं? बाई खोटी ठरली की तिच्या सुरात जा म्हटलेलं परत घेतील, हे तर झालंच. पण ज्या माणसाला दिसत नव्हतं त्याला आपण इतके दिवस फसवलं, हे त्यांना कळेल, आणि मग त्या आपल्या हातून चहाचा कप तरी निर्धास्त घेतील का?

सुनेनं सगळे उपाय केले. रिमोटचे सेल काढून पिठाच्या डब्यामागे ठेवले. इंटरनेट बंद पडलंय म्हणाली. जुने भाग आता काढून टाकलेत म्हणाली. झोप उडाली, भाजीत दोनदा मीठ पडलं. नवऱ्याला विश्वासात घेऊन सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मालिकाच आहे ना?" आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं.

शेवटी तिनं सेल परत घातले आणि बाईचा एक जुना सिनेमा पेनड्राइव्हवरून लावून दिला. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या.

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय. नुसती रडतेय. हे मला पाठ आहे." त्यांनी पाय चोळले. "दिग्दर्शकाला कळलंच नाही गं, हिच्या डोळ्यांचं काय करायचं ते. रडता येतंय ना, मग रडव. बंद कर हे. मालिका लाव."

"इंटरनेट आलं की लावते."

शनिवारी मालकीणबाईंनी तिला एका घराचं माप घ्यायला बोलावलं, हात बसलाय का ते बघायला म्हणून. खिडकी मोठी, भिंतभर. सून टेप लावत होती आणि मनात घरचा टीव्ही चालू होता. मापं कागदावर उतरवली, ती लांबीच्या जागी रुंदी आणि रुंदीच्या जागी लांबी. आयुष्यात असली चूक तिनं केली नव्हती. "हात गंजला की काय?" मालकीणबाईंनी विचारलं. सुनेनं माप परत घेतलं आणि धावतपळत घर गाठलं.

टीव्ही चालू होता. चित्र थांबवून ठेवलेलं. पडद्यावर बाईचा चेहरा, खाली कुंडी, कुंडीत हात. समोर सासूबाई, बाजूला साय धरलेला चहा. आतून नवऱ्याचा आवाज आला, "आई मागे लागली होती, दिली मालिका लावून."

"बस," सासूबाई म्हणाल्या.

सून बसली. पर्स खांद्याला तशीच.

"ही किल्ली पुरतेय."

"हो."

"तू म्हणालीस डोळे भरून आलेत."

"हो."

"आणि घड्याळ पुसत नव्हती."

"नाही," सून म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "चुकलं माझं. तुम्हाला दिसत नव्हतं आणि मी..."

"चुकलं ते चुकलंच. ते मी विसरणार नाही, आधीच सांगते. पण तू काय केलंस ते तुला कळलंय का?" सासूबाईंचा आवाज चढला. "चाळीस वर्षं वाट बघितली मी. लोकांचं हसू सोसलं. आणि आता या वयात, तोंडभर सुरकुत्या घेऊन बाईला काम मिळालं. बघ ते डोळे. ओठ हसताहेत आणि मागे काय शिजतंय बघ. एक शब्द नाही, रडणं नाही. सकाळपासून मी जागची हलले नाहीये. आणि तू मला काय सांगितलंस? परत तीच गरीब गाय. जन्मभर सगळ्यांनी तिला जी करून ठेवली, तीच तूही केलीस."

सुनेनं सगळ्या शिव्याशापांची तयारी ठेवली होती, हे काही तिच्या हिशेबात नव्हतं.

सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

"आता दुसरं. मी तुला म्हणाले, तू कामाला जा, घर मी सांभाळते. तिचंच वाक्य होतं ते. आवडलं म्हणून म्हणाले. आणि ती तर हे म्हणून किल्ल्या पुरत होती. मग मी म्हणताना माझे डोळे कसे होते? मला आरसाही दिसत नव्हता तेव्हा. तू होतीस शेजारी. खरं सांग."

सुनेच्या जिभेवर वाक्य तयार होतं. डोळे भरून आले होते, कौतुकानं बघत होतात. इतक्या वेळा म्हटलेलं, आपोआप निघालं असतं. तिनं तो क्षण आठवून बघितला. टीव्ही आठवला, स्वयंपाकघर आठवलं, फोन आठवला. सासूबाईंचा चेहरा त्यात कुठेच नव्हता.

"मी बघितलं नाही," ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्या बाईकडेच बघत होते. तुमच्याकडे नाही बघितलं. कधीच."

सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मग आता बघ. तू कामाला जा. घर मी सांभाळते."

सुनेनं बघितलं. एक डोळा नवा, कोपऱ्यात अजून लाल. दुसरा जुनाच, दुधाळ. दोन्हींत भीती होती, अगदी उघडी. पण नजर जागची हलत नव्हती.

"तुम्हाला भीती वाटतेय."

"वाटणारच. दिवसभर एकटी, आणि एक डोळा अजून तसाच. म्हणून तू घरी बसणार?"

हो म्हणावं असं सुनेला वाटून गेलं. हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "जाणार मी. दुपारी फोन करीन." मग धीर करून तिनं विचारून टाकलं, "माझी किल्ली पुरावीशी वाटली का कधी तुम्हाला?"

"वाटली ना. आज सकाळीच, तू निघालीस तेव्हा."

"मग?"

"मग काय. आपल्या घरात कुंडी आहे कुठे?"

सून हसायला लागली, आणि हसता हसता परत रडायला लागली. सासूबाईंनी चष्मा चढवला, टीव्ही लावला आणि तिला सोफ्यावर जागा करून दिली.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "आणि मध्ये बोलू नकोस."