दोघांच्या वजनाचा ब्रेक

आई त्या सायकलला सवत म्हणायची. बाबा कारखान्यातल्या लेथवरून निवृत्त झाले, एका जुन्या सायकलला त्यांनी फवारणीच्या पंपाचं इंजिन बसवलं आणि तेव्हापासून घरामागची शेड हाच त्यांचा संसार झाला. जेवायला हाक मारली की "आलोच" म्हणायचे आणि ताट गार झाल्यावर उगवायचे. इंजिन तसं गुणी होतं. दगा द्यायची ती चाकं. त्या धडधडीपुढे सायकलचे साधे स्पोक टिकायचे नाहीत. आणि ब्रेक म्हणाल, तर बाबांच्या चपला.

आईचं दुखणं बळावलं आणि तिला न्यायला अँब्युलन्स आली, तेव्हाही तिची जीभ शाबूत होती. स्ट्रेचरवरून म्हणाली, "अहो, परत येताना हा डबा नको हं. माझ्या सवतीवरून आणा मला."

आम्ही सगळे हसलो. बाबांनी मात्र ते मनावर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी भंगारातून मोपेडच्या चाकांचे मधले भाग आणले, आतच ब्रेक असलेले. ते सायकलच्या मोठ्या रिममध्ये बसवायचे होते. मोपेडचे स्पोक आखूड पडत होते आणि सायकलचे बारीक. मग बाबांनी जाड तार कापून, एकेकीच्या टोकाला आटे पाडून स्पोक घरीच केले. ते ओवून झाल्यावर चाक फिरवत, कडेला खडू धरून आऊट काढत बसायचे. चाक जिथे वाकडं, तिथे खडू लागायचा. तिथला स्पोक थोडा आवळायचा, पुन्हा फिरवायचं.

माझा नुसता संताप व्हायचा. ऑफिस, हॉस्पिटल आणि घर करता करता माझा जीव मेटाकुटीला आला होता. बाबा संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये यायचे, खुर्चीच्या काठावर टेकायचे आणि सिस्टरला एकच विचारायचे, "आज वजन किती भरलं?" ती सांगायची. आई विचारायची, "झाली का चाकं?"

"झालीच. आऊट तेवढा काढायचाय."

की निघाले. नवरा आहे की काट्यावरचा माणूस, असं माझ्या अगदी ओठावर यायचं.

एका रविवारी सकाळी मी शेडमध्ये गेले, तर सायकलच्या कॅरिअरवर वाळूचं पोतं दोरीनं करकचून बांधलेलं. बाबा ती घेऊन घरासमोरच्या उतारावरून खाली गेले आणि मध्यावर ब्रेक दाबला. परत आले, पोत्याचं तोंड सोडलं, डब्यानं थोडी वाळू काढून कोपऱ्यात ओतली आणि पाना घेऊन ब्रेकचा नट किंचित सैल केला.

"हे काय चाललंय?"

"तुझी आई," ते पोत्याकडे बघत म्हणाले. "तिचं वजन कमी झालंय. ब्रेक तेवढाच कडक ठेवला तर हिसका बसेल."

"एवढ्याशा वाळूनं ब्रेकला काय कळणार आहे?"

"ब्रेकला नाही कळणार. तिला कळेल. हाडं दुखतात तिची."

माझा तोल सुटला. "बाबा, आई तिकडे मरतेय आणि तुम्ही इथे वाळूशी खेळताय! तिच्याजवळ बसा ना जरा!"

त्यांनी चाक फिरवलं आणि खडू धरला. चाक गरगर फिरत राहिलं. खडू कुठेच लागला नाही. तरी त्या संध्याकाळी आईला म्हणाले, "आऊट तेवढा काढायचाय."

ते गेल्यावर मी आईपाशी गाऱ्हाणं केलं. तिनं माझा हात धरला. त्या हाताला आता पकड अशी नव्हतीच.

"त्यांना बोलू नकोस," ती म्हणाली. "इथे बसवलंस तर खचतील. हात चालू आहेत तोवर ते उभे आहेत."

"आणि चाकं झाली म्हणजे?"

"होऊ देत नाहीत ते," आई म्हणाली आणि थोडं हसली. "मी काय ओळखत नाही त्यांना?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, आई गेली. बाबा तेव्हा तिच्याजवळच होते. मी पोचले तर सिस्टर बाजूला उभी होती आणि बाबा आईच्या अंगावरची चादर सारखी करत होते. नीट असलेली चादर पुन्हा पुन्हा सारखी करत होते.

सगळं आटोपलं, नातेवाईक आपापल्या घरी गेले. घर खायला उठलं होतं. मी शेडमध्ये डोकावले. सायकल स्टँडवर होती आणि मागे ते पोतं तसंच बांधलेलं. मला ते बघवेना. बाबांच्या नजरेला पडण्याआधी ते तिथून हलवायचं, एवढंच डोक्यात होतं. मी दोरी सोडली. वाळूचं पोतं ते, म्हणून पाय रोवले, खालून दोन्ही हात घातले आणि सगळा जोर लावून उचललं.

मी मागेच कोलमडले असते. एवढा जोर लागणारच नव्हता त्याला. वाळू जेमतेम अर्ध्यापर्यंत होती, वरचं सगळं नुसतं मोकळं गोणपाट. कोपऱ्यात मात्र वाळूचा ढीग माझ्या गुडघ्यापर्यंत आला होता.

मागे दारात बाबा उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

"मीच काढत होतो ना ती," बाबा म्हणाले. "डब्याडब्यानं."

मला रडू कोसळलं. पोतं हातात तसंच होतं आणि ते कुठे ठेवावं ते मला सुचेना. बाबा पुढे आले. त्यांनी खालून हात दिला.

"हळू," ते म्हणाले. "हळू ठेव तिला."