हत्तीण, काडेपेटी आणि पांढरी साडी

बाळांनो, एक मोटार डोळ्यांसमोर आणा बरं. हल्ली रस्त्यावर दिसते तसली नको. ही इतकी लांब, की दारात उभी केली तर तोंड आपल्या अंगणात आणि शेपूट शेजारच्या. पुढचं बोनेट एवढं रुंद, की दोन बायकांनी समोरासमोर बसून त्यावर पापड लाटावेत. पत्रा असा जाड, की बैलानं शिंग मारलं तर बैलानंच मागे सरावं. आणि त्या बोनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन. ते सुरू झालं की आधी पायांच्या तळव्यांना कळायचं, मग कानांना. आली का डोळ्यांसमोर? आता तिच्या मागच्या बाकावर एक बाई बसवा. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि सगळं लक्ष शेजारच्या पत्र्याच्या पेटीवर.

ती भागिरथा. मेडशीची.

साल होतं एकोणीसशे पंच्याहत्तर. मे महिन्यातलं ऊन सकाळी आठलाच मानेवर बसलं होतं. भागिरथेच्या थोरल्या मुलाचं, इंद्रभानचं, त्या दिवशी वाशीमला लग्न होतं. पेटीत नवरीची पांढरी साडी होती. बौद्ध घरातलं लग्न. नवऱ्याकडून आलेली पांढरी साडी नेसूनच नवरी मांडवात येणार, मग विधी सुरू होणार. साडी नाही तर नवरी नाही, नवरी नाही तर लग्न नाही. त्यात विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांना दुपारी मंगरुळपीरला दुसरं लग्न लावायचं होतं. अकराच्या पुढे थांबणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. भागिरथेनं विहीण रुखमाबाईला शब्द दिला होता, "दहाच्या आत साडी तुमच्या हातात."

म्हणून तिनं आपल्या धाकट्या मुलीला, नऊ वर्षांच्या चंपीला, पेटीवर हात ठेवून बसवलं होतं. "काही झालं तरी पेटी सोडायची नाई. साडी रुखमाबाईच्याच हातात द्यायची. समजलं?"

"समजलं माय," चंपी म्हणाली होती.

खरं म्हणजे भागिरथेचं साधं म्हणणं होतं, की सकाळच्या एसटीनं जावं. आदल्या रात्री जेवताना तिनं ते बोलूनही दाखवलं. त्यावर तिचा नवरा देवमन आणि दीर माणिकराव दोघेही हसले. दोन भावांचं एकमत व्हायला वर्षात एखादाच मुद्दा सापडायचा. तो नेमका हा निघाला.

"घरी दोन दोन मोटारी, अन् नवरदेव एसटीत?" देवमन म्हणाला.

"वहिनी, लोक काय म्हणतील?" माणिकराव म्हणाले.

दोन मोटारी होत्या, हे खरंच. पण त्या दोन मोटारींनी घराचं जे काही करून ठेवलं होतं, ते भागिरथेलाच ठाऊक.

थोरली मोटार देवमनची. गावानं तिचं नाव हत्तीण ठेवलं होतं. अमेरिकेहून कधीकाळी बोटीनं आलेली ही मोटार वाशीमच्या एका जिनिंगवाल्या शेठची होती. मग पेट्रोलचे भाव भडकले आणि शेठनं तिला सरकीच्या गोदामात लोटून दिलं. तिथं तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायच्या. देवमन सरकी आणायला गेला होता. बाजारात एका बैलजोडीला जे पडतं, त्याच भावात तो आठ सिलिंडरची मोटार घेऊन घरी आला. सरकी आणायची विसरला.

"एवढी ताकद एवढ्या स्वस्तात कोन देते?" तो येईल त्याला विचारायचा. "आताच्या गाड्या पाहा. पत्रा का पापड? हिचा पत्रा वाकला तर आपला लोहार सरळ करते. पट्टा तुटला तर चांभार सांधून देते. नव्या गाडीच्या पट्ट्यासाठी अकोल्याले जा लागते."

हे सगळं खरं होतं. पण एक लिटर पेट्रोल पिऊन हत्तीण जेमतेम गावाची वेस ओलांडायची, हेही खरं होतं. तिची बॅटरी मेलेली, म्हणून घरंगळवून सुरू करता यावी यासाठी ती कायम उतारावर उभी करावी लागायची. घर सपाटीवर होतं. त्यामुळे रात्री मोटार टेकाडावर आणि देवमन तिच्या राखणीला मोटारीत. पेट्रोलचा काटा तर शेठच्या काळातच बंद पडलेला. देवमन टाकीत तुराटी, तुरीची वाळकी काडी, घालून बघायचा. ओली झाली तिथं बोट धरायचा आणि म्हणायचा, "लय हाये."

धाकटी मोटार माणिकरावांची. ते वाशीमला वकिली करायचे. नंबर लावून, वाट बघून बघून, त्या वर्षीच नवीकोरी छोटी मोटार त्यांनी घेतली होती. किल्ली फिरवली की सुरू. सपाटीवर एवढी मुकाट चालायची, की आत बसून बोललेलं ऐकू यायचं. बाकावरचा प्लास्टिकचा कागद त्यांनी अजून काढला नव्हता. देवमन तिला काडेपेटी म्हणायचा. "बैल शिंकला तरी उलटते," म्हणायचा.

"दादा, तुझी मोटार पेट्रोल पिते का नहाते?" माणिकराव विचारायचे.

"जे काम करते ते खाते. तुझी दिवसभर उपाशी राहून सावलीत उभी राह्यते."

नवरदेव कोणाच्या मोटारीत बसणार, यावरून आठ दिवस घरात धड जेवण झालं नाही. शेवटी दोन्ही घरांचा मान राहावा म्हणून तोडगा निघाला. नवरदेव नव्या मोटारीत, साडी जुन्या मोटारीत. सगळ्यांना हा न्याय फार पसंत पडला. भागिरथेला तेवढं वाटलं, की अरे, एक जरी मोटार बसली तरी लग्न बसलं. पण एसटीचं बोलून ती एकदा हसू करून घेऊन मोकळी झाली होती.

निघायच्या आधी देवमननं तुराटी घातली. लय होतं. मग इंद्रभानच्या मित्रांनी गळ घातली, म्हणून हत्तिणीनं सबंध गावाला दोन फेऱ्या मारल्या. विहारापाशी थांबून इंजिन नुसतंच गुरगुरवून दाखवलं. पोरं नाचली. नंतर तुराटी घालायची कोणाला आठवण राहिली नाही.

माणिकरावांनी आपल्या मोटारीत नवरदेव, स्वतःची बायको विमलबाई आणि इंद्रभानचे तीन मित्र कोंबले. देवमननं पाण्याचा डबा पुढे केला. "ठेव. चढावर लागन."

"नव्या गाडीला पाणी लागत नाही दादा," माणिकराव म्हणाले, आणि डबा अंगणातच राहिला.

मालेगाव येण्याआधी एक खिंड लागते. चढ लांबलचक, दोन्हीकडे पळस आणि काळे दगड. काडेपेटी पुढे होती. अर्ध्या चढावर तिची चाल बैलगाडीसारखी झाली, मग बोनेटमधून वाफ निघाली आणि ती हुंदका देऊन थांबली.

मागून हत्तीण आली. भागिरथेनं पाठ बाकाला टेकवली होती. खरं सांगायचं तर या मोटारीची एकच गोष्ट तिला मनापासून आवडायची, आणि ती तिनं कोणाला सांगितली नव्हती. ती ही. चढ लागला, देवमननं पाय दाबला, की मोटार कुरकुरायची नाही. खालून एक मोठा हात यावा आणि बाकासकट माणसाला उचलून वर ठेवावं, तसं व्हायचं. आत सात बायका, चार लेकरं, दोन मोठी पातेली. तरी हत्तीण गुणगुणत चढली. वाफाळणाऱ्या काडेपेटीच्या शेजारून पुढे गेली. देवमननं हॉर्न वाजवला. गरज नव्हती.

एवढ्यावर तो गप्प वाशीमला गेला असता, तरी अर्धं काम झालं असतं. पण वरून भावाकडे पाहायचा मोह त्याला आवरला नाही. त्यानं मोटार थांबवली आणि आवाज चढवत उलटी खाली आणली, थेट काडेपेटीच्या नाकापर्यंत. तिथं हत्तीण एकदा खोकली, दोनदा खोकली आणि बंद पडली.

देवमन उतरला. तुराटी घातली. ती घातली तशीच कोरडी बाहेर आली.

मग भागिरथा उतरली आणि रस्त्यात उभी राहिली. एका बाजूला ताकदीची मोटार, पोटात थेंब नाही. दुसऱ्या बाजूला पोटभर पेट्रोलची मोटार, अंगात ताकद नाही. हत्तिणीच्या डिकीत मोटेचा जाड नाडा होता. विहिरीतून पाण्यानं भरलेली मोट ओढणारा तो दोर एवढीशी मोटार सहज ओढेल, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पेट्रोल काढायची रबरी नळीही होती. देवमन तिच्याशिवाय घराबाहेर पडत नसे.

"अवो," ती म्हणाली, "भाऊजीच्या गाडीतलं पेट्रोल काढा, तुमच्या गाडीत टाका. काडेपेटी बाजूले सारा, हत्तीण उलटी सोडून चालू करा. नाडा बांधा अन् दोन्ही गाड्या घेऊन चला. साडेनऊ होऊन राह्यले."

दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता उभे.

"मी कायले मांगू?" देवमन म्हणाला. "त्यानं म्हनावं, दादा घे. मी थोरला हाये."

"म्हणतो ना," माणिकराव म्हणाले. "पण नाडा नको. दादानं पेट्रोल घ्यावं, वाशीमला जाऊन मेकॅनिक आणावा. नवरदेवाची नवी मोटार ढोरासारखी दोरीनं ओढत नेली, तर उद्या कोर्टात मला कोणी उभं करणार नाही."

"ऐकलं?" देवमन बायकोला म्हणाला. "आपली दोरी त्याले चालत नाई. मंग आपल्याले त्याचं पेट्रोल चालत नाई."

"ते पेट्रोल हिच्या पोटात गेलं तर परत दिसणार आहे का?"

"काडेपेटीले वकीलच पायजे. तिच्यानं स्वतः काई होत नाई."

"मेल्याहो," भागिरथा म्हणाली. "तिकडे पोरगी हळद लावून बसली हाये. तुमच्या गाड्याइची पंचाईत मंग करा. काहून जीव खाऊन राह्यले माहा?"

विमलबाई काडेपेटीतून उतरून पदरानं वारा घेत म्हणाली, "जाऊबाई, काही उपयोग नाही. हे घरीही असेच."

"तुमच्या घरी एकच हाये बाई. माह्या घरी मोटार अन् मानूस, दोन्ही उतारावरच चालतात."

विमलबाईला हसू आलं. भागिरथेला आलं नाही. ती पुन्हा त्या दोघांकडे वळली. आता वाद एकोणीसशे पन्नास सालच्या पोलादावर पोचला होता. देवमन हत्तिणीच्या दारावर मूठ आपटून आवाज ऐकवत होता, "हे ऐक. भरीव हाये का नाई?" माणिकराव आपल्या दारावर बोटानं टिचकी मारत म्हणत होते, की हलकं असणं हाच गुण आहे. इंद्रभान डोक्याला पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा घालून मधोमध उभा होता. ज्याचं लग्न, त्याला कोणी विचारत नव्हतं.

आणि खालून घरघर ऐकू आली.

मेडशीहून वाशीमला जाणारी सकाळची एसटी. लाल, धुळीनं माखलेली, लग्नसराईनं दारापर्यंत भरलेली. चढावर तीही दमली होती, पण थांबत नव्हती. भागिरथेनं मान वळवली. आपण हात करावा, हे तिच्या मनात येईपर्यंत तिला दिसलं, की रस्त्याच्या मधोमध कोणीतरी आधीच उभं आहे.

चंपी होती. दोन्ही हात वर, पायाशी पत्र्याची पेटी.

एसटीनं करकचून ब्रेक लावला. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. "काय वो पोरी, मरतं काय? कुठी जाचं?"

"वाशीमले. लग्नाले."

"मंग ह्या दोन मोटारी?"

चंपीनं मागे पाहिलं. बाबा दारावर मूठ आपटत होते. काका टिचकी मारत होते. "त्या भांडून राह्यल्या," ती म्हणाली.

कंडक्टरनं आत बघितलं, बाहेर बघितलं. "उभ्यानं दोघंच मावतील. तिसरं नाई."

"अगं चंपे," भागिरथेनं हाक मारली, आणि पुढे टाकलेला पाय मागे घेतला. काल रात्री तिनंच सांगितलेलं हसण्यावारी गेलं होतं. आता सांगायचं उरलं होतं काय?

चंपीनं एका हातानं पेटीची कडी धरली. दुसऱ्या हातानं भर रस्त्यात उभ्या नवरदेवाचं बोट पकडलं आणि त्याला ओढत एसटीच्या पायरीवर चढवलं. पेटी त्याच्या पायांत ठेवली आणि तिच्यावर स्वतः उभी राहिली. पेटी सोडायची नाही, असं मायनं सांगितलं होतं.

मग तिनं टाचा उंचावल्या, कंडक्टरच्या डोक्यावर लोंबणारी घंटीची दोरी पकडली आणि त्याला न विचारता दोनदा ओढली.