दोन हात फिल्म

"आई, दोरीच्या आत जाऊ नको," लेक मागून म्हणाली, तेव्हा माझा एक पाय आत पडलाच होता.

आत टेबल मांडलं होतं. काचेखाली दिवा, दोन्ही बाजूंना फिरक्या, कडेला कात्री आणि पांढरे हातमोजे. अशाच टेबलावर मी अकरा वर्षं सिनेमांच्या निगेटिव्ह कापल्या. इथं फिल्म उलटी चढवली होती. आम्ही फिल्मची कड ओठाला लावून बघायचो. जी बाजू चिकटते ती चित्राची. पण संग्रहालयवाल्यांना हे सांगणार कोण?

"उलटी आहे ती," मी म्हणाले.

"असू दे ना. कोणाला कळतंय?"

लेकीला ऑफिसातून दोन पास मिळाले होते. "तुझ्याच जुन्या लाइनचं आहे," म्हणून मला घेऊन आली. हौसेनं आणलं होतं, म्हणून मी पाय मागे घेतला.

पुढचं दालन एका दिग्दर्शकाचं होतं. भिंतभर फोटो, खाली त्याचा चष्मा, त्याची टोपी. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! पडद्यावर त्याच्या गाजलेल्या सिनेमातला प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवत होते. खुर्चीत बसलेली आई मुलाच्या मरणाचं पत्र वाचते आणि दुसऱ्या क्षणाला ती दारात उभी असते. खाली पाटी होती : 'आई उठताना दिसत नाही. दोन सेकंदांची ही धाडसी काटछाट म्हणजे दिग्दर्शकाच्या प्रतिभेची खूण.'

मी पाटी दोनदा वाचली. मग मला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

ती काटछाट माझी. धाडस नव्हे, चूक.

संकलक आधी साध्या प्रतीवर सिनेमा जुळवायचा आणि त्या प्रतीबरहुकूम मी मूळ निगेटिव्ह कापायची. या प्रसंगाची प्रत मशीननं चावली होती. दोन हात फिल्म वाया गेली. संकलकानं उरलेली टोकं चिकटवली आणि तिथं मेणाच्या पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या. रेघांचा अर्थ एकच : इथं कापू नका, मूळ शाबूत आहे. मला त्या रेघा दिसल्या नाहीत आणि मूळ निगेटिव्हमधूनही तेवढा तुकडा मी कापून टाकला. त्या खोलीत सगळ्यांत भरभर हात माझा चालायचा आणि मला त्याचा माज होता. निगेटिव्ह एकच असते. चूक कळेपर्यंत कापलेल्या तुकड्यांचा डबा, फिल्म वितळवून तिच्यातली चांदी काढायला गेलासुद्धा होता.

हाच दिग्दर्शक सगळ्यांसमोर ओरडला होता, "हातमोजे काढ आणि चालती हो! माझा सिनेमा मारलास तू." त्यानंतर मला एकाही फिल्म लॅबनं दारात उभं केलं नाही. नवरा मरेपर्यंत ऐकवत राहिला, "चांगली नोकरी हातानं कापलीस." लेक तेच ऐकत मोठी झाली.

माहिती सांगणारी मुलगी गळ्यात माइक अडकवून आठदहा लोकांना घेऊन आली. माझ्याच्यानं राहवेना.

"बाई, ही पाटी बदला. हे त्यानं केलेलं नाही. माझ्या हातून चुकून कापलं गेलंय."

लोक वळून बघायला लागले. मुलगी गोड हसली. "आजी, सरांनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय. हे बघा ना."

तिनं बटण दाबलं. तो पडद्यावर आला, पांढऱ्या केसांचा, शांत. म्हणाला, "मी संकलकाला सांगितलं, तिचं उठणं काढून टाक. अशा वेळी माणूस कसं उठतं ते दाखवता येत नाही."

वा रे वा! आयत्या बिळावर नागोबा. मला हाकललं त्याच चुकीवर हा तीस वर्षं हार घालून घेत होता.

"खोटं बोलतोय मेला," मी म्हणाले. जरा जोरातच.

"आजींची तब्येत बरी आहे ना?" मुलीनं माझ्याऐवजी लेकीला विचारलं.

लेकीनं माझा दंड धरला. "चल आई. लोक बघताहेत."

बाहेर बोळात एक बाक होतं. तिथं तिनं मला बसवलं, पाण्याची बाटली दिली. बराच वेळ मोबाइलशी चाळा करत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आई, हाच सिनेमा होता हे नक्की ना? म्हणजे, इतकी वर्षं झाली..."

हे मला बोचलं. चूक होती तोवर ती माझीच होती, कुणी पुरावा मागितला नाही. तिला मोल आलं आणि माझी पोटची पोर मला विचारते, नक्की ना.

"तुझा बाप उठता बसता ऐकवायचा तेव्हा विचारलं नाहीस नक्की ना म्हणून," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. माझ्याशेजारी बसली. आतून त्याच प्रसंगाचं संगीत पुन्हा सुरू झालं, संपलं.

"काय होतं त्यात?" तिनं विचारलं. "तू कापलंस त्यात?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ना दिग्दर्शकानं, ना नवऱ्यानं. डब्यात टाकण्याआधी तो तुकडा मी उजेडापुढे धरला होता. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, अठ्ठेचाळीस चित्रं. ती नटी गेली, संकलक गेला, दिग्दर्शकही गेला. आता ते पाहिलेली मी एकटीच उरले आहे.

"बघ," मी म्हणाले. बाटली खाली ठेवली. पत्र धरल्यासारखी एक मूठ छातीशी घेतली, दुसरा हात बाकावर टेकला. अर्धवट उठले, हात सटकला, पुन्हा खाली बसले. मग मान खाली घालून, गुडघ्यावर जोर देत पुन्हा उठायला लागले.

लेक घाईनं पुढं झाली, मला धरायला.

"थांब," मी म्हणाले. "तिला कुणी हात दिला नव्हता."