डोळे मिटलेला फोटो

डोंगरी गावच्या कॉन्रॅड अंकलनी उत्तनकडच्या निम्म्या लग्नांचे फोटो काढले होते. आता ते निवृत्त झाले होते, पण दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये हौशी फोटोग्राफर जमायचे, काढलेले पोर्ट्रेट टीव्हीवर लावायचे आणि एकमेकांची बिनपाण्यानं करायचे. नियम एकच होता, ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं.

संचिता त्यांच्यात सगळ्यात नवी. ती भाईंदरला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. तिचा पहिला फोटो बघून अंकल म्हणाले होते, "चेहरा बरा आहे, पण मागची भिंत जास्त छान आलीय."

या वेळी सगळ्यांनी एकमेकांचेच पोर्ट्रेट काढायचे ठरले. चिठ्ठ्या टाकल्या आणि संचिताच्या वाट्याला नेमके अंकल आले.

शनिवारी अंगणात अंकल खुर्चीवर बसले ते पासपोर्टला बसल्यासारखे. वर तिलाच सूचना देत राहिले: डावीकडे सरक, सावली बघ, घाई करू नको. शेवटी त्यांची बायको ज्युलियाना चहा घेऊन आली आणि म्हणाली, "फोटो काढून घेतोयस का दात?" अंकल खदखदून हसले. संचितानं बटण दाबलं.

घरी येऊन बघते तर त्या फोटोत डोळे गच्च मिटलेले. बाकीच्या फोटोंत डोळे टक्क उघडे होते, पण माणूस पुतळ्यासारखा. बराच वेळ घोळ घालून तिनं हसराच निवडला.

रविवारी फोटो टीव्हीवर लागताच ग्रुपमधल्या निकेतनं विचारलं, की डोळे मिटलेला फोटो कुणी दाखवतं का. हेमालीला कपाळ पांढरंफटक वाटलं. संचिता ओठ दाबून बसली. अंकल म्हणाले, "असे फोटो मी आयुष्यभर डिलीट केले." तिचा चेहरा उतरला.

ज्युलियाना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "हसला की याचे डोळे मिटतातच," ती म्हणाली. "उघड्या डोळ्यांनी हसताना मी तरी याला कधी बघितला न्हाय. सगळ्या गावाचे फोटो काढले यानं, घरात याचा एक धड फोटो न्हाय. आमची पोरगी कॅरेन कॅनडाहून मागून मागून थकली."

अंकल उठले, चष्मा लावून टीव्हीजवळ गेले आणि स्वतःकडे बघत राहिले.

"कपाळावरचा उजेड थोडा कमी कर," ते हळूच म्हणाले. "डोळ्यांना हात लावू नको. आणि कॅरेनला पाठव."

संचितानं तिथेच फोटो दुरुस्त करून पाठवला. थोड्याच वेळात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. फोन घेऊन अंकल अंगणात गेले ते लवकर आत आलेच नाहीत.

टीव्हीवर आता निकेतनं काढलेला फोटो लागला होता. संचितानं खुर्ची पुढे ओढली.